टेम्पोला आत जागा नाही

३ फेब्रुवारी, सकाळ.
शी! आज पुन्हा तोच वास. खिडकी उघडली आणि चहा घशाखाली उतरेना. तळमजल्यावरच्या केटररचा टेम्पो नेमका माझ्या गाडीला खेटून उभा. भाज्यांची सालं, खरकटी पातेली, तेलकट ताडपत्री. माणसं इतक्या घाणीत राहतात कशी? माझी गाडी बघा. कव्हर घालून नीट झाकलेली. तीन वर्षांत एक ओरखडा नाही.

लेक २१ तारखेला येतेय, बाळाला घेऊन. नातू मी अजून पाहिलेला नाही. फोनवर तिला ठणकावून सांगितलं, स्टेशनवर मी स्वतः गाडी घेऊन हजर. बायको म्हणाली, अहो, आधी ती सुरू होते का बघा. हिचा माझ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास नाही. रविवारी बघू.

५ फेब्रुवारी.
सोसायटीची मीटिंग. पार्किंगची भांडणं मिटवायला शांत डोक्याचा माणूस हवा होता. कोणी पुढे येईना. मी हात वर केला. एकमताने निवड. लगेच दोन नियम मांडले. धंद्याची वाहनं आवारात येणार नाहीत. आणि पंधरा दिवस जागची न हललेली गाडी भंगार समजून तिच्या चाकाला जॅमर. हा दुसरा वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांसाठी, त्यांची मोटरसायकल नुसती उभी असते. गंमत म्हणजे त्याला सर्वांत आधी त्यांनीच पाठिंबा दिला. हसत होते. खजील झाले असणार.

६ फेब्रुवारी.
केटररकडे गेलो. गोडीगुलाबीने घ्यायचं ठरवलं होतं. तुमच्या टेम्पोने ओकारी येते, एवढंच म्हणालो. त्याने चहा पुढे केला. म्हणाला, टेम्पो रोज धुतो काका, वास दुसरीकडून येत असेल. वर विचारतो, तुमची गाडी शेवटची कधी हलली? विषय बदलण्यात पटाईत. कप स्वच्छ होता, तरी चहा अर्धाच प्यायलो.

८ फेब्रुवारी, रविवार.
गाडी सुरू करणार होतो. पाठीत उसण भरली.

१० फेब्रुवारी.
जॅमर आला. वॉचमनला लावायला शिकवलं. बजावलं, माझा सख्खा भाऊ असला तरी सोडायचं नाही. टेम्पो आजपासून फाटकाबाहेर, रस्त्यावर. केटरर आणि त्याची बायको पातेली डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत फेऱ्या मारत होते. व्यायाम चांगलाच.

१३ फेब्रुवारी.
वास आहेच. उलट वाढलाय. टेम्पोची घाण जमिनीत मुरलेली दिसते. गाडीभोवती फिनेल ओतलं. आता फिनेलचाही येतो आणि तोही येतो.

१५ फेब्रुवारी, रविवार.
पाठ बरी आहे. पण मॅच होती.

१८ फेब्रुवारी.
मेकॅनिक आणला. कव्हर काढून बॉनेट उघडलं. आतून जो भपकारा आला! उंदरांनी संसार थाटलेला. सीटचा कापूस, कुरतडलेल्या वायरी, लेंड्या आणि बॅटरीमागे मेलेली अख्खी... लिहवत नाही. दोनदा हात धुतले, जेवण गेलं नाही. मेकॅनिक नाक दाबून म्हणाला, काका, हिला आता निरोप द्या. उद्धट माणूस. उंदीर अर्थातच टेम्पोच्या खरकट्यावर पोसलेले. म्हणजे माझं म्हणणं खरंच ठरलं. कव्हर परत घातलं.

बायकोला सांगितलं, किरकोळ काम आहे, लेकीला आणायला मीच जाणार. ती तडक खाली केटररच्या घरी जाऊन आली. कशाला, ते सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळ.
धक्का मारून गाडी सुरू करावी म्हणून खाली गेलो. चाकाला जॅमर! वॉचमनने कडक सलाम ठोकला. साहेब, पंधरा दिवस उलटले. आधी भडकलो. मग बरंच वाटलं. आता कोणी म्हणणार नाही की गाडी चालत नव्हती म्हणून मी गेलो नाही. बायको म्हणाली, टॅक्सीने जा. मी म्हटलं, जॅमरचा प्रश्न आधी तत्त्वाने सुटला पाहिजे.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ.
लेक आली. टेम्पोतून. केटररच्या शेजारी बसून, मांडीवर बाळ. बायकोने त्याला १८ तारखेलाच सांगून ठेवलं होतं.

वॉचमनने फाटक उघडलं नाही. मी धावत गेलो, उघड म्हणालो. म्हणाला, साहेब, सख्खा भाऊ असला तरी नाही. सगळ्या बाल्कन्या भरलेल्या. लेक भर रस्त्यात उतरली. केटररने तिच्या बॅगा उचलल्या. ती म्हणाली, बाबा, मी फलाटावर तुम्हालाच शोधत होते. जॅमरचं सांगायचं सोडून मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

माझ्या गाडीपाशी येताच तिने बाळाचं तोंड दुपट्याने झाकलं. शी बाबा, हा कसला घाणेरडा वास?

मी केटररकडे पाहिलं. आता हा बोलणार. बोलायचा त्याला हक्कच होता. तो म्हणाला, गटार तुंबलंय ताई, चला लवकर वर.

२३ फेब्रुवारी.
पहिला नियम मागे घेतला. गाडी भंगारवाल्याकडे गेली. टेम्पोनेच ओढून नेली.

टेम्पो परत आपल्या जागी उभा आहे. नातवाला घेऊन सकाळभर खिडकीत बसलो. खिडकी उघडी होती. कसलाही वास आला नाही.