पाचवं तिकीट

प्रिय सूनबाई,

भिंतीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्या सासऱ्याने पत्र लिहावं, हे तुला विचित्र वाटेल. पण माझं तुला ठाऊकच आहे. दिवसभर दुकानात चष्म्याची भिंगं घासायची आणि घरी येऊन गप्प बसायचं, यात जन्म गेला. तुझ्या सासूबाई म्हणतात, "यांच्याशी बोलण्यापेक्षा कपाटाशी बोललेलं बरं, ते निदान कुरकुरतं तरी." तेव्हा समोर बसून जे सांगता येणार नाही ते लिहून देतो. काळजीचं काही नाही. उलट काल बागेतून आल्यापासून मला फार हलकं वाटतंय.

जायचं ठरलं तेव्हा मात्र मला नकोसं झालं होतं. मुलगा गेल्यापासून आपण त्या बागेकडे फिरकलो नव्हतो. तो असताना आपण पाचही जण दरवर्षी जायचो. तो नकाशा हातात धरून सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि आपण हमखास रस्ता चुकायचो. काचघर शोधत निघालो की खतांच्या गोदामापाशी पोचायचो, आणि तो म्हणायचा, "हेही बघण्यासारखं आहे." त्याच्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं, ही एक धास्ती. दुसरी त्याहून मोठी होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

तू कामाला जातेस त्या दातांच्या दवाखान्यातला तो कवळ्या करणारा. तुमचं काही जुळतंय हे मला कधीच कळलं होतं. माझ्या धंद्यात माणूस कुठे बघतो हेच तर बघावं लागतं. माझी कवळी बसवायला मी आलो होतो, त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस, डॉक्टरांकडे बघितलंस, घड्याळाकडेसुद्धा बघितलंस. फक्त त्याच्याकडे बघितलं नाहीस. मी मनात म्हटलं, झालं. आता ही जाणार, आणि हिच्याबरोबर माझी नात, आपली भिंगरीही जाणार. मग या घरात दोन म्हातारी आणि एक कपाट. तेव्हापासून रोज संध्याकाळी तू दार उघडून आत आलीस की मला वाटायचं, आज सांगणार.

तिकिटाच्या खिडकीशी काल मी पाच तिकिटं मागितली. ठरवून नव्हे, जीभच तशी वळली. भिंगरीने मोजून विचारलं, "आजोबा, आपण चौघं आहोत ना? हे कुणाचं?" तू तिचा हात ओढलास, सासूबाई एकदम पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. आणि नेमका तेव्हाच उभ्या सायकलींच्या मागून तो कवळीवाला आला. कडक इस्त्रीचा सदरा, भांग ओला. म्हणतो कसा, "अरे वा, तुम्ही इथे कसे?" सासूबाई म्हणाल्या, "बागेत बाग बघायला आलोय. आणि तुम्ही?" बिचारा गडबडला. "मी... निवडुंग," एवढंच म्हणाला.

ते तिकीट मी त्याच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, वाया कशाला घालवायचं. तुझा चेहरा पांढरा पडला. मी टोमणा मारला असं तुला वाटलं असणार. नाही गं. ते तिकीट दुसऱ्या कुणाला देताना आत काहीतरी तुटेल, असं मला क्षणभर वाटलं होतं. काही तुटलं नाही. खरं सांगायचं तर माझंच मला आश्चर्य वाटलं.

मग तळ्याकाठी डबा उघडला, तर उकडलेली अंडीही पाच निघाली. "मोजताना चुकलं बाई," असं म्हणून सासूबाई कमळांकडे बघायला लागल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही हे तुलाही माहीत आहे. म्हणजे तुमच्या दोघांचं त्यांनाही ठाऊक होतं! एकच गोष्ट आपण तिघंही एकमेकांपासून लपवत बसलो होतो. मी अंडं खात असताना तो माझ्या जबड्याकडे असा टक लावून बघत होता, की शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अहो, त्यांना गिळू तरी द्या. मग तपासा." त्यावर तू हसलीस. तोंडावर हात न ठेवता, पूर्वीसारखी. ते हसणं ऐकून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

जेवण झाल्यावर मी बांबूच्या बेटामागे बाकावर आडवा झालो. डोळे मिटलेले होते, झोप लागली नव्हती. तुम्ही दोघं पलीकडून आलात. त्याने लग्नाचं विचारलं, ते मी ऐकलं. तुझं उत्तरही ऐकलं. "बाबांना सहन होणार नाही. त्यांचा मुलगा गेला, आता नातही घेऊन जाऊ? पुन्हा विचारू नका." तो नुसतं "बरं" म्हणाला. समजावत बसला नाही, रुसलाही नाही. थोड्या वेळाने बघतो तर रस्त्यात वाकून भिंगरीच्या बुटाची नाडी बांधून देत होता. आणि मला ते बघवत होतं. इतके महिने ज्या गोष्टीला मी भीत होतो, ती डोळ्यांसमोर घडत होती आणि मी तिथेच, बाकावर, धडधाकट होतो.

म्हणून हे लिहायला बसलो. तू तुझ्या मनाने नाही म्हणाली असतीस तर मी मध्ये पडलो नसतो. पण तू माझ्या नावाने नाही म्हणालीस, आणि मला तर कुणी विचारलंच नाही. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, की सहन न होण्यासारखं जे होतं ते होऊन गेलं. त्यानंतर आम्हा दोघांना तू सांभाळलंस. आता आमच्यासाठी थांबू नकोस. भिंगरी जाऊन जाऊन कुठे जाणार? सुट्टीच्या दिवशी इकडे आली नाही तर सासूबाईच तुमच्या दारात येऊन बसतील, मग उठवून दाखवा. अडचण एकच आहे. पुन्हा विचारू नका असं तू त्याला बजावलंस, आणि तो शब्द पाळणारा दिसतो. तेव्हा आता तुलाच त्याला विचारावं लागेल. उद्या दवाखान्यात गेल्यागेल्या विचार.

तुझाच,
बाबा