निळी पडलेली खिचडी

लोहारा, माघ एकादशी, दिवेलागण

आज आठवीच्या वर्गात खाण्यातलं पिष्ट ओळखायचा प्रयोग केला. मी स्वतः शाळेत हे उर्दूत शिकलो, त्यामुळं तोंडातून पिष्टाऐवजी दोनदा 'निशास्ता'च गेलं. दवाखान्यातून मागून आणलेलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ केलं. पिष्ट असलं की ते निळं पडतं. ज्वारीची भाकरी निळीकाळी झाली, गूळ झाला नाही. पोरं खूश, मी त्यांच्याहून खूश.

मग मलाच अवदसा आठवली. म्हणालो, डब्यातलं काहीही आणा. सुमननं साबुदाण्याची खिचडी पुढं केली. थेंब टाकला आणि खिचडी भाकरीपेक्षा गडद निळी! सुमननंच विचारलं,

"गुरुजी, म्हंजी उपासाला आमी भाकरीच खातो व्हय?"

माझ्याही डब्यात तीच खिचडी. खडू शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली. भित्रेपणाच की हा!

घरी भीत भीत आईला त्या निळ्या खिचडीचं सांगितलं. आजवर तिनं एक एकादशी मोडलेली नाही. वाटलं, आता बोलणी बसणार. ती तर पदर तोंडाला लावून हसली.

"तुझ्या औषधाला काय कळतंय रं? मला भाकरी लई आवडती. ती एक दिवस सोडायची, ह्योच उपास."

पटलं. उद्या सुमनला हेच सांगेन.

पण मला आवडते ती खिचडी. पंधरा पंधरा दिवस तिची वाट बघतो मी! म्हणजे माझा खरा उपास उद्या सकाळी, भाकरीपासून सुरू.