शिक्क्यावरचं कुंकू

१० ऑक्टोबर २०१६, सोमवार
टाकानिनी

कामावरून थेट ओटाहुहूला गेलो. आमच्या रेसिडेन्सीची फाइल संदेश बघतो, त्याच्या ऑफिसात. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा इथल्या सरकारी तपासणीतून परत आलाय. शिक्क्यावर लाल डाग आहे, खालचा नंबर वाचता येत नाही, म्हणून कागदात फेरफार केल्याची शंका. शंका!

"काका, कसला डाग हा?"

"कुंकू. दर खंडेनवमीला अवजारांबरोबर पूजेत असतो तो."

"अहो, मग कोपऱ्यात लावायचं ना! नेमकं शिक्क्यावर?" हसला. मग म्हणाला, "डुप्लिकेट मागवा, नाहीतर डिप्लोम्याचे पॉइंट्स धरणार नाहीत."

त्या पॉइंट्सशिवाय अर्जच जात नाही, आणि मार्चमध्ये व्हिसा संपतो.

पहिलं कुंकू आईने लावलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. कागदावर सगळ्यात देखणा तिला तो गोल शिक्का वाटला. त्यावरच मी दरवर्षी लावत आलो. माझं चुकलं का? चार वर्षं इथली यंत्रं दुरुस्त करतोय, तेव्हा कुणाला शंका आली नाही!

घरी सुनंदाने पाट मांडला होता. पाने, हातोडी, व्हर्नियर. "प्रमाणपत्र ठेवू ना?" तिने हळूच विचारलं. ठेव म्हणालो.

सगळ्या अवजारांना कुंकू लावलं. कागदापाशी बोट थांबलं. अठ्ठावीस वर्षांत कधी थांबलं नव्हतं. यांची शंका माझ्या देवापर्यंत येऊन पोचली, हा राग काही केल्या जात नाही.