अकरा तांड्यांचं शून्य

प्रिय भागवत,

तुझा प्रोग्रॅम मी दुरुस्त केला. हे आधीच सांगून टाकते. तुला लांबण लावलेली आवडत नाही, पण आज मी लावणार आहे आणि तू ती वाचणार आहेस.

पुण्याला जाण्याआधी तू आमच्या संस्थेला तो लिहून दिलास, आणि दोन वर्षं झाली, वाशीमच्या ऑफिसात तो मीच चालवते. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहतील अशी मुलं किती, ते गावागावांतून भरलं जातं. तुझा प्रोग्रॅम एकेका गावाच्या नावाने सर्व्हरला विचारून ते आकडे गोळा करतो, आणि जिथे आकडा येतो तिथेच वसतिगृह उघडतं. गेल्या वर्षी आमच्या बंजाऱ्यांच्या अकराच्या अकरा तांड्यांपुढे शून्य आलं. आमच्या ऑफिसचे प्रमुख इंद्रभान सर म्हणाले, "तांड्यावरून मागणीच नाही येऊन राह्यली, मॅडम. त्याईले शाळाच नको." माझ्या भावाची मुलगी राखी आईबापासोबत उसाच्या फडावर गेली आणि परत आली तेव्हा पाढे विसरून आली होती.

यंदा आमच्या हरसिंग नाईक तांड्यातली मुलं मी घरोघर जाऊन मोजली. बेचाळीस. आकडा स्वतः भरला, तरी शून्यच! मग मीही हट्टाला पेटले. आधी नेटवर्कला शिव्या घातल्या, मग सर्व्हरला. प्रोग्रॅमची यूआरएल, म्हणजे वेबवरचा पत्ता, ब्राउझरमध्ये टाकली तर बेचाळीस दिसले, म्हणजे सर्व्हर बिचारा निर्दोष. शेवटी प्रोग्रॅम पाठवतो ती यूआरएल जशीच्या तशी छापून पाहिली, तेव्हा कळलं. नावातल्या शब्दांमधली रिकामी जागा तू तशीच सोडली होतीस. ब्राउझर ती गुपचूप भरून घेतो. तुझा कोड यूआरएल अवैध म्हणून अडतो. तिथे %20 लिहावं लागतं. मी घाईत तो बदल अख्ख्या यूआरएललाच लावला, तर सुरुवातीचं http:// सुद्धा बिघडलं आणि नवीच चूक आली. मग फक्त नावापुरतं केलं. एका ओळीचं काम होतं रे.

तुझी चाचणीची यादी पाहिली. मेडशी, अनसिंग, कामरगाव. सगळी एकेका शब्दाची गावं. तांडा एकही नाही. त्याचाही राग नाही, चुका माझ्याही होतात. पण चूक आली तर शून्य धरून पुढे जा, असं तू लिहून ठेवलंस, त्याचा मला भयंकर राग आला. कुठेतरी निदान लाल अक्षरं तरी दिसू द्यायचीस.

मेडशीला तुझ्या घरी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो? दारातच तू हळूच म्हणालास, "आईले तांडा नको सांगू, वाशीमची हाय म्हण." मी म्हटलं तसं. तुझ्या आईने चहा दिला, लाडू दिला, आणि मला वाटलं, प्रेमात एवढं चालतं. मी तेव्हा मूर्ख होते.

चूक सापडल्याचं मी तुला कळवलं, त्यावर काल तुझा मेसेज आला. दुरुस्ती गुपचूप कर, यंदाचा अहवाल आहे तसा जाऊ दे, माझं नाव खराब होईल. आणि दिवाळीत आईशी आपल्या लग्नाचं बोलतो, तोवर तेवढं तांड्याचं सांभाळून घे. दोन्हींचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे. अहवाल आज सकाळी गेला. अकरा तांडे, तीनशे अठरा मुलं, गेल्या वर्षीची चूक काय होती आणि प्रोग्रॅम कोणी लिहिला, सगळं त्यात आहे. इंद्रभान सरांनी दोनदा वाचून पाहिला, पण सही केली. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील तेव्हा राखी ट्रकमध्ये नसेल. आणि तुझ्या आईशी बोलायचे कष्ट घेऊ नकोस. मला तुझ्या घरी यायचं नाही.

'तुझीच' असं लिहायला हात गेला होता, आवरला.

रंजीता राठोड
मु. हरसिंग नाईक तांडा