गोधडीच्या पोटातली भाकरी

माझी धाकटी बहीण गोजरबाई, मुक्काम सणसर, हिला सुप्याहून थोरल्या इंदिराचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? माझे माझ्यासारखेच, कुरकुरायला लागले की थांबत नाहीत. पत्र सूनबाई शालन लिहिते आहे, म्हणून यात सुनेबद्दल वाईट काही सापडणार नाही, ते भेटल्यावर. (मी 'न्हाय' म्हणते, ती 'नाही' लिहिते. दहावी झालेली आहे, भागू दे हौस.) फोनच केला असता, पण फोनवर तू ऐकायच्या आधीच "व्हय, व्हय" करतेस, आणि हे प्रकरण व्हय-व्हयवर भागणारं नाही. माझ्या गोधडीचं पोट उसवायला लोक टपलेत.

झालं असं. पुण्याच्या एक वल्लरी मॅडम आहेत. गळ्यात लाकडी मणी, अंगावर चुरगळलेली साडी (इस्त्रीला वेळ मिळाला नसेल म्हटलं, तर शालन म्हणते ती तशीच महाग मिळते). त्या दिवाळीत आल्या आणि म्हणाल्या, सहा देशांतल्या बाया आपापल्या निसर्गावर गोधड्या शिवणार, त्या आधी बारामतीच्या हॉलात लावणार, मग नॉर्वे नावाच्या देशाला नेणार. सुप्याच्या बायांनी आपला माळ शिवायचा. गवत, चिंकारा, टिटवी, लांडगा. मी म्हटलं, "लांडगा कशाला? गेल्या साली माझी शेळी नेली त्यानं." मॅडम म्हणाल्या, "आजी, तो परिसंस्थेचा भाग आहे." मी म्हटलं, "आन् शेळी काय पाव्हणी आल्ती?" यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी बोलते ते सगळं त्या लिहून घेतात आणि करतात आपल्याच मनाचं.

तरी शिवली. खाली-वर आमच्या ह्यांची धोतरं, मध्ये शालनच्या जुन्या साड्यांचे चार थर, लांडग्याला नातवाची खाकी चड्डी. आणि शेवटचा कोपरा मिटायच्या आधी, आईनं शिकवलं तसं, पोटात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा घातला. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराही उपाशी राहतो, हे तुला सांगायला नको. शिकलेल्यांना सांगावं लागतं. गूळ तूच संक्रांतीला धाडलेला, म्हणजे पुढच्या पापात निम्मा वाटा तुझा.

हॉलात गेले तर काय, गोधड्या भिंतीला फाशी दिल्यासारख्या टांगलेल्या. पुढे पाटी, 'हात लावू नये'. (शालननं वाचली. मला वाचता येत नाही, तेव्हा ती मला लागू नाही.) एकीनं समुद्र शिवलेला आणि मुद्दाम फाडलेला. समुद्र मरतोय म्हणे. आपल्यात फाटलं की ठिगळ लावतात, त्यांच्यात टाळ्या वाजवतात. दुसरीची गोधडी नुसती पांढरी, तो बर्फ. तिच्यापुढे एक गृहस्थ हात मागे बांधून पाव तास उभे होते. मला वाटलं बिचाऱ्याला बाहेर जायचं दार सापडत नाही. बाईचं काम पाठीवरून कळतं, म्हणून मी तो बर्फ उलटून पाहिला. मशीनची शिलाई, आत पापडाएवढा कापूस! माघातल्या थंडीत हे पांघरून निजलेला माणूस सकाळी उठवायला चौघं लागतील.

माझ्या शेजारी जपानच्या बाईची गोधडी होती, बाईही तिथंच उभी. तिच्यावर रेशमाच्या मुंग्या, एकेक तांदळाच्या कणीएवढी, आणि खाली चिठ्ठी की सगळे जीव एकमेकांशी जोडलेले आहेत. दुपारी खिडकीतून खऱ्या मुंग्या आल्या. तिच्या गोधडीवरून रांगेनं उतरून माझ्या कोपऱ्यात शिरू लागल्या. लोक अर्धा तास फोटो काढत होते, "केवढं जिवंत काम!" म्हणत होते. मग एक मुंगी त्या जपानी बाईच्या बाहीत गेली आणि ती अशी किंचाळली की हॉलातला चहावाला किटली टाकून पळाला. सगळे जीव जोडलेले, फक्त बाहीत नकोत.

मुंग्यांमागून मॅडम माझ्या भाकरीपर्यंत पोचल्या. म्हणाल्या, परदेशात खाण्याचा कणही चालत नाही, पेटीच अडवतील. कोपरा उसवून भाकरी काढा, नाहीतर तुमची गोधडी इथंच राहील. शनिवारी पेटी भरायची आहे. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. भुकेली गोधडी मी येशीबाहेर धाडत न्हाय." तर म्हणतात, "आजी, तिथं ती कुणी पांघरणारच नाही. भिंतीवर लागणार. भिंतीला कुठं भूक लागते?" चार महिन्यांत बाई पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली. त्याचाच राग जास्त आहे.

तर माझा निकाल ठरला. असल्या लोकांच्या भिंती झाकायला माझी गोधडी जाणार नाही. पाहुण्यांना नमस्कार, लेकरांना पापे.

तुझी थोरली,
इंदिरा (अंगठा शाईचा आहे, कालवणाचा नाही)

ता. क. कोपरा मी काल उसवला. भाकरी कोंबड्यांनी खाल्ली. जाऊ दे गं गोधडीला. ह्यांचं धोतर जन्मात बारामतीच्या पुढं गेलं नाही. शालनला सांगितलं हे लिहू नकोस, तर लिहिलंच असेल.

आणखी ता. क. पत्र याच्यासाठी. बाहत्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता, तरी आई गोधड्या शिवायची. मी सासरी होते, तू तिच्याजवळ बसायचीस. कोपरा मिटताना ती आत काय घालायची? रिकामी तर ती मिटायची नाही. शुक्रवारच्या आत फोन कर.

शेवटचा ता. क. आठवत नसेल तर "आठवत न्हाय" म्हणू नकोस. काहीतरी सांग, पण ठाम सांग. मी विचारणार नाही खरं का खोटं. सुई ओवून बसले आहे.