पिठाच्या चक्कीविरुद्धची आवाजाची तक्रार मागे घेऊन दोष अर्जदारावर ठेवण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, सुरूपाडा,
ता. डहाणू, जि. पालघर.

विषय : श्रीमती शुक्री वरठा यांची चक्की आजच्या आज सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचाच दि. १३/१०/२०२५ चा तक्रार अर्ज.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका असून तलासरीच्या एका आश्रमशाळेतील मुलींसाठी घरी मोबाइलवर गोष्टी वाचून रेकॉर्ड करते व पाठवते. वसतिगृहात त्या संध्याकाळी ऐकवल्या जातात. श्रीमती शुक्री वरठा या मूळच्या रानशेतच्या. अर्जदाराच्या परसामागे भाड्याच्या शेडमध्ये त्या नागली-तांदूळ दळून देतात. त्यांची मुलगी रविना त्याच वसतिगृहात राहते.

२. सुरुवातीच्या गोष्टींत पंख्याची घरघर येत असे. सबब अर्जदाराने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला (दूध नासले), भिंतीवरचे घड्याळ उतरवून तांदळाच्या डब्यात पुरले व हातातल्या बांगड्याही काढल्या. एवढ्यावर समाधान न होऊन घोलवडच्या एका वाडीतून चिकूच्या जुन्या लाकडी पेट्या आणल्या, त्यांत भाताचा पेंढा ठासला आणि माजघरात एका माणसापुरती खोली रचली. खिडकी लावून आत शिरले की बाहेरचे जग थांबल्यासारखे वाटे. याचे सर्व श्रेय अर्जदार पेंढ्याला देत असे. मात्र लवकरच वसतिगृहातून मुलींचा निरोप आला की, बाईंच्या गोष्टीत मागे बसून कोणीतरी सारखे काहीतरी कुरतडते आहे.

३. यानंतर अर्जदाराने शोध घेतला असे म्हणवत नाही. शोधात गुन्हेगार शेवटी सापडतो, येथे तो आधीच ठरला होता. अर्जदार तडक शेडवर गेली आणि शुक्रीला विचारले, “तुझ्या चक्कीचा आवाज होतो की नाही?” तिने सांगितले, “होतो तर. चक्की हाय बाई, आवाज करनारच.” अर्जदाराने ही कबुली समजून तक्रारीत लिहिली. शिवाय पेट्यांवर व पुस्तकावर बारीक भुकटी पडत असे. ती चक्कीचे उडालेले पीठ होय असे नमूद करून तिची पुडीही पुरावा म्हणून जोडली. जन्मभर भाकऱ्या थापूनही अर्जदाराने ती भुकटी चिमटीत धरून पाहिली नाही. आपल्या कार्यालयाने एका शिक्षिकेच्या शब्दावर विश्वास ठेवला व चक्की बंद झाली.

४. चक्की बंद झाली, तरी कुरकुर तशीच ऐकू येत राहिली. काही दिवस अर्जदाराने तिकडे कानाडोळा केला, हे लपवण्यात अर्थ नाही. अखेर पेटीला कान लावला. आवाज आतून येत होता. पेटी अंगणात नेऊन फोडली असता लाकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या अळ्या सापडल्या. पुरावा म्हणून दिलेले पीठ त्यांनीच दळलेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण अर्जदाराने मुलांना अनेकदा फळ्यावर लिहून दिली आहे. परंतु वळसा घालताना वाटेत कोणाचे पोट तुडवले जाते, हे तिने कधी शिकवले नाही. पाड्यावरच्या बाया आता डोक्यावर दळण घेऊन घोलवडपर्यंत जातात. अर्जदार दिसली की त्या बोलणे थांबवतात व वाट देतात. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

५. आज सकाळी अर्जदार शुक्रीची माफी मागायला गेली तेव्हा दारात टेम्पो उभा होता. भाडे परवडत नाही म्हणून ती सामान घेऊन कायमची रानशेतला निघाली आहे. अर्जदाराने किड्यांची हकीकत सांगितली. तिला जराही नवल वाटले नाही. ती म्हणाली, “बाई, तुमची खिडकी लागली का मी चक्की बंद करायची. पोरी ऐकतात ना, माझी रविना पन ऐकते. खिडकी उघडली का मग परत चालू.” मग हे तेव्हाच का नाही सांगितलेस, असे विचारता ती म्हणाली, “तुम्ही इचारलं चक्की आवाज करते का. तुमच्या टायमाला बंद असते का, हे कोनी इचारलंच नाय.” आणि ती पाटा उचलायला वळली. अर्जदाराला तिच्या दारात उभे राहण्याची लाज वाटते आहे, पण तेथून हलण्याची अधिक भीती वाटते.

६. तरी विनंती की, संदर्भीय तक्रार खोटी ठरवून अर्जदाराच्या नावे तशी नोंद करावी व येत्या ग्रामसभेत ती सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. दंड असल्यास लावावा, कमी करू नये. अर्जदार हा अर्ज टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून लिहीत आहे. चालक भला माणूस आहे, पण त्याला दुसरे भाडे आहे. परवानगीचा आदेश आजच द्यावा. उद्या दिलात तर नियमाने काही चुकणार नाही, फक्त तो घ्यायला शुक्री येथे नसेल.

टेम्पोपाशी आपल्या उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र व अपराधी,

(सही)
श्रीमती वसुमती सावे
सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका
सुरूपाडा, दि. १२/११/२०२५