न उलगडलेल्या सात पिशव्या

ती. ताईंना नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? साडूभाऊंचा खोकला थांबला असेल. नसल्यास त्यांनी गरम पाणी प्यावं, पण हे मी सांगून उपयोग नाही. ते सांगायचं काम तुमच्या धाकट्या बहिणीचं होतं. तिला जाऊन सोमवारी पाच महिने झाले. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. (भाजीत मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही, पण तक्रार करणाराही मीच असल्यामुळे भांडण होत नाही.)

पत्रास कारण म्हणजे सरकार. पहिल्या तारखेपासून आमच्याकडे पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. विकायच्या नाहीत, वापरायच्या नाहीत, घरात ठेवायच्याही नाहीत. निर्णय योग्यच आहे. आमच्या मागचा नाला तुम्ही पाहिला आहे, त्यात पाणी कमी आणि पिशव्याच जास्त. पण पहिल्याच दिवशी मी सवयीने रिकाम्या हाताने बाजारात गेलो. भाजीवाली म्हणाली, "मग काका, टोमॅटो काय खिशातून नेता?" मी नेले. (चार नेले, तीन पोचले. चौथा विजारीने घेतला.) दुसऱ्या दिवशी छत्रीत वांगी घेतली आणि वाटेत पाऊस आला. दोघांपैकी एकालाच वाचवता येणार होतं. मी वांगी वाचवली.

तुमची धाकटी कधी पिशवी टाकत नसे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. धुवायची, दोरीवर चिमट्याने वाळत घालायची, मग लांब पट्टी करून बोटाएवढी त्रिकोणी घडी घालायची आणि शेवटचं टोक आत खोचायची. ओट्याखाली असे दोन डबे भरलेले निघाले. इमारतीत बाकी सगळ्यांनी आपापल्या पिशव्या गुपचूप ठेवून घेतल्या. शेजारचे मास्तर तर म्हणाले, "अहो, तुमचे डबे उघडायला कोण येतंय?" पण मी तीस वर्षं वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासले. मला ते जमेना. दोन्ही डबे घेऊन वॉर्ड ऑफिसच्या रांगेत उभा राहिलो.

टेबलावरची मुलगी चांगली होती. पोत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ओता आजोबा त्यात, आणि ही कापडी पिशवी घेऊन जा." तेवढ्यावर सुटलो असतो. पण अंगातला इन्स्पेक्टर जागा झाला. मी म्हटलं, बंदी पातळ पिशव्यांवर आहे, जाड पिशवी नागरिकाचीच राहते, नियमात तसं लिहिलंय, तेव्हा मोजा. (खरं सांगतो, वाटलं होतं की निम्म्या तरी जाड निघतील आणि राजरोस घरी परत नेता येतील.) तिने नियमाचा कागद वाचला, जाडी मोजायचं यंत्र काढलं (ते तिने उलटं धरलं होतं, मीच सरळ करून दिलं) आणि म्हणाली, "मग घड्या उलगडा. घडीची जाडी कशी मोजणार?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ताई.

बसलो उलगडत. मागून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, पिशव्या मोजताय की नोटा?" जुन्या घड्या इतक्या घट्ट की नखाने सोडवाव्या लागत. एकही जाड निघाली नाही. सगळ्या पोत्यात गेल्या. शेवटी औषधांच्या दुकानातल्या सात उरल्या. त्यांच्या घड्या सैल होत्या, कडा जुळत नव्हत्या, टोक नुसतं टेकवलेलं. या धाकटीने शेवटच्या आजारपणात, अंथरुणात उशीला टेकून घातलेल्या. मी म्हणायचो, कशाला दमतेस, राहू दे. ती म्हणायची, "तुम्हाला येणार आहे का?"

माझा हात पुढे होईना. मुलीने विचारलं, "झाल्या का सगळ्या?" मी झाल्या म्हटलं आणि सातही खिशात घातल्या. हा माझा निवृत्तीनंतरचा पहिला गुन्हा. आधीचाही कुठला आठवत नाही.

परवा तपासणी पथक आमच्या मजल्यावर आलं. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी सांगून टाकलं की माझ्याकडे काहीही नाही. त्यांना प्यायला पाणी हवं होतं.

बाकी ठीक. साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. सोबतच्या पाकिटात त्या पिशव्या आहेत. तुमच्याकडे अजून हा कायदा आलेला नाही, असं पेपरात वाचलं. तुमच्या कपाटात राहू द्या. साडूभाऊंना दाखवू नका, ते त्यांत चपला गुंडाळतील.

आणखी एक. मोजाल तर सहाच भरतील. सातवी खिशातच उलगडली. रोज दुपारी घडी घालून पाहतो. पट्टी होते, त्रिकोणही होतो, टोक काही आत जात नाही. ही घडी लहानपणी तुम्हीच तिला शिकवलीत, असं ती सांगायची. आठ-पंधरा दिवस येऊन राहता का? शिकवायला एक दुपार पुरेल, हे मलाही कळतं.